मापात पडणारं पॅराशूट: छत्र, दोरे, वजन आणि वेळ यांची नीट मांडणी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पॅराशूट नाही असं वर्ष जात नाही. रुमाल किंवा पिशवी, चार दोरे, खाली एखादं खेळणं, आणि मागच्या तक्त्यावर 'हवेच्या रोधामुळे पडण्याचा वेग कमी होतो' हे वाक्य. परीक्षक विचारतात, "किती कमी होतो?" आणि तिथंच सगळं थांबतं. विद्यार्थी हुशार असतो, मेहनतही केलेली असते. पण पॅराशूट एकदा सरळ पडलेलं असतं, एकदा भिंतीला धडकलेलं, एकदा उघडलंच नाही, आणि वेळ मोजलेली असते ती वरच्या हातापासून. अशा नोंदींतून कोणताच आकडा निघत नाही.

हा लेख विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच रात्री दहाला त्यांच्यासोबत दोरे बांधत बसणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठीही आहे. ६० सेंटिमीटर व्यासाचं, एकूण ५० ग्रॅम वजनाचं पॅराशूट धरून सगळी मापं दिली आहेत. दिलेल्या क्रमानं जा. पुढचा टप्पा आधी केला की मागची चूक झाकली जाते आणि ती थेट गच्चीवर गेल्यावर कळते.

## हात लावण्याआधी: रोध नेमका येतो कुठून

छत्र खाली येताना त्याच्या पोटातली हवा अडते आणि तिथला दाब किंचित वाढतो. छत्राच्या पाठीवर हवा कडेवरून वळून भोवरे घेते, तिथला दाब किंचित कमी राहतो. खालचा जास्त आणि वरचा कमी या दाबांतला फरक छत्रभर पसरलेला असतो. तोच वजनाला वर तोलतो.

वेग वाढला की हा रोध वेगाच्या वर्गात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट. म्हणून पडायला लागल्यावर थोड्याच वेळात रोध वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. हाच अंत्य वेग, म्हणजे टर्मिनल व्हेलॉसिटी. आपल्याला मोजायचा आहे तो हाच.

आता एक आकडा बघा, कारण पुढचा सगळा काटेकोरपणा त्याच्यासाठी आहे. ५० ग्रॅम वजन ०.२८३ चौरस मीटरच्या छत्रावर तोलायचं तर दाबातला सरासरी फरक लागतो जेमतेम १.७ पास्कल. कोल्हापुरात हवेचा एरवीचा दाब ९५,००० पास्कलच्या आसपास असतो. म्हणजे पाण्याच्या पाव मिलिमीटरहून पातळ थराचा जेवढा दाब, तेवढ्यावर आपलं पॅराशूट उभं असतं. एक दोरा दोन सेंटिमीटर आखूड झाला, चिकटपट्टी एका बाजूला जास्त लागली, कडेनं झुळूक आली, यातलं काहीही एवढ्याशा फरकाला हलवायला पुरेसं आहे.

## टप्पा १: जागा आणि वेळ ठरवा

सामान आणण्याआधी जागा ठरवा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पश्चिमेकडून वारा येतच राहतो, पाऊस असतो तो वेगळा. त्या दिवसांत उघड्यावरची चाचणी सोडून द्या आणि शाळेचा उंच हॉल मिळवा. हिवाळ्यात मात्र सकाळी ऊन तापायच्या आत हवा बऱ्यापैकी स्थिर असते. दहा वाजून गेले की तापलेल्या फरशीवरून आणि पत्र्यांवरून हवा वर चढू लागते, आणि तेच पॅराशूट तासाभरापूर्वीपेक्षा हळू पडल्यासारखं दिसतं.

चांगली जागा म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेलं अंगण: शाळेचा चौक, जुन्या वाड्याचा चौक, किंवा आतल्या बाजूला गॅलरी असलेली इमारत. अपार्टमेंटच्या जिन्यामधली पोकळी मोहात पाडते, पण ती दीड मीटरपेक्षा अरुंद असेल तर छत्र कठड्याला घासतं. रंकाळ्याचा काठ मोकळा दिसतो, पण तळ्यावरून येणारा वारा थांबत नाही.

सावधान: पन्हाळ्याच्या तटबंदीवरून किंवा कोणत्याही कड्यावरून पॅराशूट सोडू नका. उतारावर आदळलेला वारा वर चढतो, त्यामुळे पॅराशूट पडायच्या ऐवजी वर जातं किंवा आडवं पळतं. आकडा तर मिळत नाहीच, आणि ते आणायला एखादा मुलगा कड्याशी उतरतो. विजेच्या तारा जवळून गेल्या असतील ती गच्चीही नको. कठडा छातीइतका उंच हवा, आणि सोडणाऱ्याशेजारी मोठं माणूस पाहिजेच.

तपासा: दोन फुटी दोऱ्याला टिश्यू पेपरची पट्टी बांधून ती कठड्याबाहेर मिनिटभर धरा. पट्टी सरळ लोंबत राहिली तर पुढं चला. तिरकी होत असेल तर त्या दिवशी मोजमाप करू नका.

## टप्पा २: सामान

छत्रासाठी कचऱ्याची मोठी, पातळ पिशवी सर्वांत सोयीची. बाजू आणि तळ कापून उघडल्यावर ६२ सेंटिमीटरचा चौरस निघेल एवढी बघून घ्या. तुटलेल्या छत्रीचं नायलॉनही उत्तम, फक्त ते आधीच घुमटाकार शिवलेलं असतं, त्यामुळे पुढचं गणित त्याला जसंच्या तसं लागत नाही. सुती रुमाल टाळा. तो जड असतो आणि त्याच्या विणीतून हवा झिरपते.

दोरा हार ओवायचा पांढरा किंवा गोधडीचा. सुतळी नको, ती जड असते आणि तिला पीळ असतो. पतंगाचा साधा सुती दोरा चालेल, मांजा अजिबात नको. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, आणि त्यानं बोटंही कापतात.

वजनासाठी लोखंडी वायसर, म्हणजे नटबोल्टखाली घालतात त्या भोकाच्या चकत्या (वॉशर), घ्या. कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात एकाच मापाचे मूठभर मागा. नाणी वापरू नका. एकाच किमतीची पण वेगवेगळ्या वर्षांची नाणी वजनाला सारखी नसतात. याशिवाय रुंद पारदर्शक चिकटपट्टी, पंचिंग मशीन, मीटरचा टेप, दोन खिळे ठोकलेली फळी आणि ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. गुजरीत ओळखीचे सराफ असतील तर त्यांच्याकडं एकदाच जाऊन दहा वायसर एकत्र तोलून आणा आणि दहानं भागा. सगळ्यांत अचूक वजन तसंच मिळतं.

## टप्पा ३: छत्र कापणं

६२ सेंटिमीटरचा चौरस सपाट फरशीवर पसरा. मधोमध दुमडा, मग आडवा दुमडा. आता छोटा चौरस झाला. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एकच कोपरा पिशवीचा मध्य आहे, म्हणजे जिथं उघडी कड एकही नाही तो. त्यावर पेननं टिंब द्या. टिंब टोकाशी राहील असा तिरका दुमडून त्रिकोण करा. तो त्रिकोण पुन्हा एकदा टिंबाशीच दुमडून अरुंद करा.

टिंबापासून ३० सेंटिमीटर अंतरावर तीन खुणा करा: डाव्या कडेवर, उजव्या कडेवर आणि मधे. तिन्ही खुणा जोडणारी किंचित गोल रेघ काढा आणि एका दमात कापा. उघडल्यावर ६० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं आणि त्यावर मध्यातून निघालेल्या १६ घड्यांच्या रेघा असतात. एक सोडून एक रेघ धरली की आठ दोऱ्यांच्या जागा आपोआप मिळाल्या. कोनमापक लागत नाही.

नेहमीची चूक: टिंब न देता घाईत दुमडणं. मग मध्याऐवजी बाहेरचा कोपरा टोकाला येतो, आणि उघडल्यावर वर्तुळाऐवजी चार सुटे तुकडे हातात येतात.

चौकोनी छत्रही पडतं. पण त्याचे कोपरे फडफडतात आणि क्षेत्रफळाचा नेमका किती भाग फुगला हे सांगता येत नाही. आकडा हवा असेल तर गोलच घ्या.

## टप्पा ४: दोरे (इथं घाई नको)

अर्धीअधिक पॅराशूटं या टप्प्यावर बिघडतात. कारण एकच: दोरे कापताना सारखे असतात, बांधून झाल्यावर नसतात. प्रत्येक गाठ वेगळा दोरा खाते.

दोऱ्यांची लांबी छत्राच्या व्यासापेक्षा कमी असू नये. आखूड दोरे कडेला आत ओढतात, छत्राचं तोंड आवळतं आणि अडणारी हवा कमी होते. ६० सेंटिमीटरच्या छत्राला ७० सेंटिमीटर दोरा ठेवा. क्रम असा:

१. फळीवरच्या दोन खिळ्यांत ८५ सेंटिमीटर अंतर ठेवून आठ दोरे कापा. सगळे सारख्याच ताणात कापायचे.

२. आठही दोऱ्यांची एका टोकाची एकच गाठ आधी मारा. ती वजनाची गाठ.

३. गाठ एका खिळ्याला अडकवा. एकेक दोरा ताणून गाठीपासून बरोबर ७० सेंटिमीटरवर पेननं खूण करा.

४. छत्राच्या आठ जागांवर कडेला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचा चौकोनी तुकडा लावा. आठही तुकडे एकाच मापाचे कापा. कडेपासून दीड सेंटिमीटर आत, पट्टीसकट भोक पाडा.

५. दोरा भोकातून ओवा आणि पेनची खूण बरोबर भोकाच्या काठावर येईल तिथं गाठ बांधा. उरलेला शेपटा कापून टाका.

बहुतेक जण उलट करतात. आधी कडेला आठ गाठी मारतात, मग खालची टोकं एकत्र धरून अंदाजानं बांधतात. त्या शेवटच्या गाठीत एखादा दोरा सरकतोच, आणि पॅराशूट कायम एका बाजूला घसरत जातं. खालची गाठ आधी आणि खूण भोकावर, हे दोन नियम पाळले तर हा दोष येतच नाही.

तपासा: आठही भोकं एका हातात एकत्र धरा आणि गाठीला एक वायसर लटकवा. सगळे दोरे सारखे ताणलेले दिसले पाहिजेत. एखादा सैल लोंबत असेल तर तीच गाठ सोडून परत बांधा. 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून सोडू नका.

## टप्पा ५: माथ्याचं छिद्र, पण लगेच नाही

छत्र आधी छिद्राशिवाय सोडून बघा. ते लंबकासारखं डावी-उजवीकडं झुलेल. पोटात कोंडलेल्या हवेला वाट नसते. ती कडेवरून सांडते, कधी या बाजूनं तर कधी त्या बाजूनं, आणि त्यामुळे छत्र आळीपाळीनं कलत राहतं. प्लॅस्टिकमधून हवा अजिबात झिरपत नाही, म्हणून हा दोष त्यात जास्त दिसतो. मोबाइलवर याचं चित्रण करून ठेवा, प्रदर्शनात ते तुमचं सर्वांत बोलकं चित्र ठरेल.

मग छत्र जुन्या घड्यांवर परत दुमडा आणि टिंबाकडचं टोक दीड सेंटिमीटरवर कापा. ३ सेंटिमीटर व्यासाचं छिद्र पडेल. परत सोडा. झुलणं कमी झालं पण थांबलं नाही तर थोडं थोडं वाढवत ६ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे व्यासाच्या एक दशांशापर्यंत न्या. एवढ्या छिद्रानं छत्राचं क्षेत्रफळ फक्त एक टक्क्यानं कमी होतं. 'भोक पाडलं की जोरात पडेल' ही भीती म्हणूनच फोल आहे. उलट झुलणं थांबल्यामुळे नोंदी एकमेकींशी जुळायला लागतात. कापलेली कड चिकटपट्टीनं मढवा, नाहीतर तिथून चीर जाते.

## टप्पा ६: वजन

गणितात लागतं ते सगळ्याचं मिळून वजन: छत्र, दोरे, पट्ट्या, वायसर, सगळं. फक्त वायसर मोजणं ही फार सार्वत्रिक चूक आहे. कचऱ्याच्या पातळ पिशवीचं ६० सेंटिमीटरचं छत्र साधारण ५ ग्रॅम भरतं. दोरे आणि पट्ट्या धरल्या तर ५० ग्रॅमपैकी बराच वाटा त्यांचाच होतो. पूर्ण पॅराशूट गोळा करून काट्यावर ठेवा आणि वायसर कमी-जास्त करून बरोबर ५० ग्रॅमवर आणा.

वायसर गाठीच्या थेट खाली, एकाच तारेत ओवून, घट्ट बसले पाहिजेत. सैल असतील तर हलतात आणि छत्राला हलवतात. खालचं वजन गरगरा फिरून दोऱ्यांना पीळ पडत असेल तर गळाच्या सामानात मिळणारी छोटी फिरती कडी गाठ आणि वजन यांच्यामधे घाला. तिचंही वजन धरा.

## टप्पा ७: सोडायची पद्धत

दोन पद्धती आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. त्यांची गल्लत करू नका.

मोजण्यासाठी: माथ्याच्या छिद्राजवळ दोन बोटांनी धरा. छत्र खाली लोंबू द्या, दोरे सरळ, वजन खाली शांत. वजनाचं हलणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मग बोटं फक्त उघडा. झटका द्यायचा नाही, फेकायचं नाही. हात कठड्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

दाखवण्यासाठी: छत्र घडी घालून सोडायचं. आठही पाकळ्या एकावर एक घेऊन लांब पट्टी करा, पट्टीच्या पंख्यासारख्या तीन-चार मागेपुढे घड्या घाला, आणि दोरे वर सैल नागमोडी ठेवा. दोरे छत्राभोवती गुंडाळू नका. गुंडाळलेला दोरा सुटायला वेळ लागतो. सात मीटरवरून मोकळी सोडलेली वस्तू १.२ सेकंदात जमिनीवर पोचते, त्यामुळे छत्र उघडण्याआधीच वजन फरशीवर आदळतं.

कोरड्या थंडीत प्लॅस्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटतात. प्रत्येक वेळी सोडण्याआधी छत्र झटकून मोकळं करा, कडा बोटांनी सुट्या करा. एवढं केलं तरी 'उघडलंच नाही' ही तक्रार बरीच मिटते.

सावधान: खाली उभं राहणाऱ्याला डोकं वर करून पॅराशूटच्या थेट खाली उभं करू नका. दाखवण्याच्या पद्धतीत छत्र उघडलं नाही तर वायसर ११-१२ मीटर प्रति सेकंद वेगानं खाली येतात.

## टप्पा ८: मोजणं

या टप्प्यावर सगळे फसतात ते उंचीवर. पॅराशूट सात मीटरवरून सोडलं म्हणून सात मीटर लिहितात. पण हात सात मीटरवर असताना वजन हाताखाली जवळजवळ एक मीटर लोंबत असतं: ३० सेंटिमीटर छत्राचे, ७० सेंटिमीटर दोऱ्याचे. जमिनीला आधी टेकतं ते वजन. म्हणजे ते पडलं सहा मीटरच. एवढ्या एका चुकीनं वेग सहाव्या हिश्शानं जास्त निघतो. दुसरी चूक सुरुवातीची. सोडल्यापासून छत्र फुगेपर्यंतचा वेळ हा अंत्य वेगाचा नाही, तो मोजमापात धरायचाच नाही.

दोन्हीवर उपाय एकच आहे, ओळंबा. गवंडी वापरतात तसा लांब दोरा, खाली जड वजन, पॅराशूट जिथून पडणार त्याच्या बाजूला हातभर अंतरावर, भिंतीपासून पॅराशूटइतक्याच अंतरावर सोडा. त्यावर दोन ठळक रिबिनी बांधा. वरची रिबीन वजनाच्या सुरुवातीच्या जागेपासून निदान २ मीटर खाली. खालची जमिनीपासून अर्धा मीटर वर. दोन रिबिनींमधलं अंतर दोरा जमिनीवर पसरून टेपनं मोजा. मजल्याची उंची 'दहा फूट असते' म्हणून धरू नका.

ओळंबा न लावता भिंतीवर खडूच्या रेघा मारल्या तर वेगळा घोळ होतो. पॅराशूट भिंतीच्या एक मीटर पुढं पडतं, मोबाइल पंधरा मीटरवर असतो, आणि नजरेच्या तिरकेपणामुळे सहा-सात टक्क्यांची चूक शिरते. ओळंबा पॅराशूटच्याच रांगेत असल्यानं ही चूक राहत नाही.

वेळ हातातल्या स्टॉपवॉचनं घेऊ नका. दिसणं आणि बोट दाबणं यात सुमारे ०.२ सेकंद जातात. आपल्या मोजमापाची वेळ दीड-दोन सेकंदच असते, त्यात ही चूक मोठी ठरते. मोबाइल स्टँडवर स्थिर ठेवा, शक्यतो दोन रिबिनींच्या मधल्या उंचीवर, आणि चित्रण करा. नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला ३० चित्रं येतात. वायसर वरच्या रिबिनीपाशी असल्याच्या चित्रापासून खालच्या रिबिनीपाशी येईपर्यंतची चित्रं मोजा आणि ३० नं भागा.

एकाच मांडणीत पाच वेळा सोडा. भिंतीला घासलेली, पीळ पडलेली फेरी बाद करा, पण वहीत 'बाद' लिहून कारणासकट ठेवा. नको असलेला आकडा गुपचूप खोडू नका. उरलेल्या फेऱ्या एकमेकींपासून दहा टक्क्यांहून जास्त लांब असतील तर सरासरी काढत बसू नका. दोष दोऱ्यांत, छिद्रात किंवा वाऱ्यात आहे, तिकडं परत जा.

## टप्पा ९: गणित

एकूण वजन किलोग्रॅममध्ये घ्या, त्याला ९.८ नं आणि मग २ नं गुणा. हा वरचा आकडा. खालचा आकडा म्हणजे हवेची घनता गुणिले ०.७५ गुणिले छत्राचं क्षेत्रफळ. वरच्याला खालच्यानं भागा आणि वर्गमूळ काढा.

०.७५ हा सपाट गोल छत्राचा रोधांक आहे, म्हणजे त्या आकाराचं छत्र हवेला किती अडवतं ते सांगणारा आकडा. तो सपाट पसरलेल्या छत्राच्या क्षेत्रफळाशी जोडलेला आहे, म्हणून व्यास ६० सेंटिमीटरच धरायचा. फुगल्यावर तोंड लहान दिसतं म्हणून तो व्यास घेऊ नका.

हवेची घनता पुस्तकात १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर दिलेली असते. ती समुद्रसपाटीची आणि १५ अंश तापमानाची आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर आहे, आणि दिवसा हवा १५ अंशांहून गरम असते. इथं १.१ धरा. वेगात पाच टक्क्यांचा फरक पडतो. हा फरक तक्त्यावर लिहिलात तर तुम्ही आकडा उतरवून काढला नाही, विचार करून घेतला, हे परीक्षकांना लगेच दिसतं.

आपल्या पॅराशूटसाठी वरचा आकडा ०.९८, खालचा सुमारे ०.२३३. भागाकार ४.२, वर्गमूळ २.०५. म्हणजे अंत्य वेग साधारण दोन मीटर प्रति सेकंद. मोजलेला आकडा यापासून पंधरा-वीस टक्के सरकला तर घाबरू नका, हातानं केलेल्या छत्राचा रोधांक नेमका ०.७५ असेलच असं नाही. दुप्पट किंवा निम्मा आला तर मात्र बहुधा वजन किंवा व्यास यांत घोळ आहे. त्रिज्येच्या जागी व्यास घातला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि वेग बरोबर निम्मा येतो.

## टप्पा १०: एका वेळी एकच बदल

'मोठं पॅराशूट आणलं आणि त्याला जड दगड बांधला' यातून काहीच सिद्ध होत नाही.

व्यास बदलताना ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरची तीन छत्रं करा. दोरे आणि माथ्याचं छिद्र त्याच प्रमाणात. एकूण वजन तिन्हींचं ५० ग्रॅमच. ९० सेंटिमीटरचं छत्र एकटंच १२ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणून त्याचे वायसर कमी करावे लागतील. इथंच बहुतेक जण विसरतात. गणितानं वेग येतात ४.१, २.०५ आणि १.३७ मीटर प्रति सेकंद. व्यास दुप्पट की वेग निम्मा.

वजन बदलताना छत्र ६० सेंटिमीटरचंच ठेवा आणि एकूण वजन ५०, १००, २०० ग्रॅम करा. वेग येतात २.०५, २.९ आणि ४.१. वजन चौपट केल्यावर वेग दुप्पट. आलेख काढताना एका अक्षावर वजन आणि दुसऱ्यावर वेगाचा वर्ग घ्या. बिंदू सरळ रेषेत आले की रोध वेगाच्या वर्गात वाढतो हे तुमच्याच हातानं दिसलं. नुसता वेग घेतला तर वाकडी रेघ येते आणि मुलांना आपलं चुकलं असं वाटतं.

तपासा: छोटं छत्र किंवा जास्त वजन असेल तर स्थिर वेगाला पोचायला जास्त अंतर लागतं. ४ मीटर प्रति सेकंदाच्या मांडणीत फुगल्यानंतरही दोन मीटर त्यातच जातात. तेव्हा वरची रिबीन ३ मीटर खाली घ्या.

## टप्पा ११: परीक्षकांसमोर

तीन-चार प्रश्न हमखास येतात.

*पॅराशूट उघडल्यावर माणूस वर जातो ना?* नाही. चित्रफितीत तसं दिसतं, कारण चित्रण करणारा त्याच्याशेजारी जोरात पडतच राहिलेला असतो. पोटावर आडवा पडणारा माणूस सुमारे २०० किलोमीटर प्रति तास वेगानं पडत असतो. छत्र उघडलं की तो कमी वेगानं पडतो, पण पडतो खालीच.

*समान वेगानं पडतंय, म्हणजे रोध वजनापेक्षा जास्त आहे का?* नाही, बरोबर तेवढाच आहे. जास्त असता तर वेग आणखी कमी होत गेला असता.

*चंद्रावर चालेल?* नाही, तिथं अडायला हवाच नाही. म्हणून २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ इंजिनांच्या जोरावर उतरवलं गेलं.

*अंतराळवीर परततात तेव्हा?* गगनयानच्या कुपीला एकूण दहा पॅराशूटं आहेत आणि ती टप्प्याटप्प्यानं उघडतात. छोटी आधी, तीन मुख्य शेवटी. प्रचंड वेगात मोठं छत्र एकदम उघडलं तर झटका सहन होणार नाही, हे 'रोध वेगाच्या वर्गात वाढतो' या तुमच्याच नियमावरून समजावून सांगता येतं.

आणि एक प्रश्न परीक्षक विचारत नाहीत, बघायला आलेली लहान मुलं विचारतात: छत्री घेऊन गच्चीवरून उडी मारली तर? याचं उत्तर आकड्यांनी द्या आणि गंभीरपणे द्या. ३० किलोचं मूल, एक मीटर व्यासाची छत्री, आपलंच सूत्र: अंत्य वेग येतो ३० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या वर. एका मजल्यावरून पडताना तेवढा वेग गाठलाही जात नाही, छत्रीचा उपयोग शून्य. ८० किलोचा माणूस सेकंदाला ५ मीटर वेगानं उतरवायचा तर सुमारे ७६ चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे जवळजवळ १० मीटर व्यासाचं छत्र. शक्य असेल तर पाच मीटरचा दोरा मैदानात गोल फिरवून तेवढं वर्तुळ मुलांना दाखवा. मांजराचं पिल्लू, कोंबडीचं पिल्लू, कोणताही जीव पॅराशूटला बांधायचा नाही, हेही त्याच वेळी सांगा.

## प्रदर्शनाच्या आदल्या रात्री

छत्राची बारीक घडी घालून दप्तरात कोंबू नका, चुण्या पडलेलं प्लॅस्टिक सकाळी नीट फुगत नाही. छत्र वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. दोऱ्यांची वेणी घाला म्हणजे गुंता होणार नाही. वायसर वेगळ्या डबीत. सोबत दोन जादा दोरे खुणा करून ठेवलेले, चिकटपट्टी, काटा आणि ओळंबा घ्या. सभागृहात पोचल्यावर आधी पंखे बंद करायला सांगा. पंखा चालू असताना घेतलेली फेरी वहीत धरू नका.